कोयनेला टाळ्या किती?

गेल्या अंकात ‘मूल अडखळत का वाचते?’ या प्रश्नाला उत्तर देताना मी शेवटी एक वाक्य सहज लिहून गेले होते : ‘या मुलांना अक्षरे येतात, त्यांना शब्दाचे तुकडे आणि शब्दाचे शेवट येत नाहीत.’ या वाक्याचा खुलासा मागणारी पत्रे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. माझी प्राथमिक शाळेतील सारी नोकरी याच दोन जिल्ह्यांत झाली असल्यामुळे उदाहरणेही इकडचीच येतील.

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातील एका वाडीवरच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. मुलांना मुळाक्षरे, स्वरचिन्हे आणि सोपी जोडाक्षरे ओळखता येतात. तरीही ‘शेतकरी हरभरा पेरतो’ हे वाक्य ‘शे-त-क-री ह-र-भ-रा पे-र-तो’ असे सुटे सुटे वाचले जाते आणि शेतकऱ्याने काय पेरले असे विचारले तर उत्तर येत नाही. मिनिटाला किती शब्द वाचले हे मोजण्याच्या चाचणीत वर्ग मागे पडतो. वेग कसा वाढवावा?

उत्तर : वेगाचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. लहान मुलांच्या वाचन-लेखन आणि अंकज्ञानासाठी असलेल्या निपुण भारत अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द असे लक्ष्य ठरवलेले आहे आणि त्यासाठी घड्याळ हातात घेऊन वाचन ऐकले जाते, याची मला कल्पना आहे. परंतु ‘ह-र-भ-रा’ हे चार तुकडे कितीही भरभर म्हटले तरी त्यांचा हरभरा होत नाही, कारण बोलताना आपण तो शब्द चार तुकड्यांत म्हणतच नाही. आपण ‘हर-भ-रा’ असे तीन तुकडे म्हणतो. ‘शेतकरी’ हाही ‘शेत-क-री’ असा तीन तुकड्यांचा आणि ‘पेरतो’ हा ‘पेर-तो’ असा दोनच तुकड्यांचा शब्द आहे. आपल्या वर्गातील मुले वाचतात ते शब्द त्यांनी जन्मात कधी ऐकलेले नाहीत. मग ते त्यांना कळणार कसे?

प्रत्येक व्यंजनाच्या पोटात ‘अ’ असतो असे आपण पहिलीत शिकवतो आणि लिहिण्यापुरते ते बरोबरच आहे. बोलताना मात्र त्यांतले कितीतरी ‘अ’ आपण गिळतो. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ तर जवळजवळ नेहमीच जातो : घर, बैल, पाऊस यांतील शेवटचे अक्षर आपण पाय मोडल्यासारखेच उच्चारतो. शेवटी जोडाक्षर असेल, जसे पत्र, मित्र, चंद्र, तर तो ‘अ’ थोडासा ऐकू येतो. मधला ‘अ’ही पुढे आकार-ईकारासारखा स्वर आला की बहुधा गळतो आणि त्याचे व्यंजन आधीच्या तुकड्याला जाऊन चिकटते. हा नियम शिक्षकाने जाणावा. दुसरीच्या मुलाला तो सांगू नये. मुलाला तो सांगण्याची गरजच नाही, कारण शाळेत येण्यापूर्वी चार-पाच वर्षे ते बिनचूक तसेच बोलत आलेले असते.

मी हे काम नद्यांच्या नावांनी सुरू करीत असे, कारण आपल्या दोन जिल्ह्यांत नद्यांना तोटा नाही. पुस्तक मिटलेले, फळा कोरा. ‘कृष्णा’ म्हणा आणि जितके तुकडे होतील तितक्या टाळ्या द्या. कृष्-णा, दोन. वेण्णेला दोन. मग ‘कोयना’. येथे काही मुले तीन टाळ्या देतात, आणि ती बहुधा वर्गातली ‘हुशार’ मुले असतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे को, य आणि ना अशी तीन अक्षरे उभी असतात. एका वर्षी अशीच एक मुलगी तीन टाळ्यांवर अडून बसली होती. तिचे मामाचे गाव पाटणकडे होते. मी तिला म्हटले, ‘मामाच्या गावाहून कोणती नदी दिसते, ते मला पूर्ण वाक्यात सांग.’ ती म्हणाली, ‘कोयना दिसते,’ आणि म्हणता म्हणता तिसऱ्या टाळीसाठी उचललेला तिचा हात हवेतच राहिला. मग तिने हळूच ‘कोय-ना’ असे स्वतःशी म्हणून पाहिले. त्या तासाला वारणा, येरळा आणि तारळी यांनाही दोन-दोन टाळ्या मिळाल्या, उरमोडी आणि माणगंगा तीन टाळ्यांच्या निघाल्या, आणि नंतरच मी ही नावे फळ्यावर लिहून प्रत्येक तुकड्याखाली खडूने कमान काढली. आधी तोंड, मग टाळी, मग कमान, हा क्रम उलटा करू नये.

कमानी काढताना एक गोष्ट आपल्या ध्यानात येईल. लिहिलेल्या अक्षराची हद्द आणि उच्चाराच्या तुकड्याची हद्द पुष्कळदा एक नसते. ‘पुस्तक’ लिहिताना पु, स्त, क अशी अक्षरे होतात, पण उच्चार ‘पुस्-तक’ असा होतो. म्हणजे ‘स्’ लिहिला जातो ‘त’च्या अंगावर आणि ऐकू येतो ‘पु’च्या पाठोपाठ. ‘दर्शन’ या शब्दातील रफार ‘श’च्या डोक्यावर बसतो, पण आवाज ‘दर्-शन’ असा निघतो. जोडाक्षर ओळखणारे मूल जोडाक्षराच्या शब्दावर का अडते, याचे उत्तर बहुतेक वेळा येथे सापडते : ते ‘स्त’ हे अक्षर ओळखते, पण अर्धा ‘स’ मागे टाकून द्यायचा असतो हे त्याला कोणी दाखवलेले नसते. म्हणून जोडाक्षराच्या शब्दात कमान अक्षराच्या मधून गेली तरी जाऊ द्यावी. सज्-जन-गड, चप्-पल, कृष्-णा असे शब्द मुले दोन दिवसांत करू लागतात.

एक धोका सांगून ठेवते. कमानींचा सराव झाल्यावर काही मुले ‘हर्भरा’ असे लिहू लागतात. त्यांना रागावू नये. त्यांनी ऐकले ते प्रामाणिकपणे लिहिले आहे. ‘बोलताना तीन, लिहिताना चार’ असे हसत सांगावे आणि कमान नेहमी शब्दाच्या खाली काढावी, शब्दात काही खूण करू नये.

शब्दाला शेपूट लागली की तुकडे पुन्हा बदलतात. ‘कमळ’ हा ‘क-मळ’ असतो, पण ‘कमळाला’ म्हणताना ‘कम-ळा-ला’ होतो. ‘गवत’ हे ‘ग-वत’, आणि ‘गवतात’ म्हणताना ‘गव-तात’. ‘डोंगर’ हा ‘डों-गर’, आणि ‘डोंगरावर’ म्हणताना ‘डोंग-रा-वर’. याचा अर्थ असा की मूळ शब्द पाठ करून घेतला म्हणजे प्रत्यय लागलेला शब्द आपोआप वाचता येईल, हा आपला समज फारसा खरा नाही. वाचनपाठात ‘कमळ’ चित्राखाली एकदा येते आणि पुढे सगळीकडे कमळाचे, कमळावर, कमळांनी हेच येत राहते. तेव्हा शब्दपट्ट्या करताना मूळ शब्दाबरोबर त्याची दोन-तीन रूपेही पट्टीवर असू द्यावीत.

प्रश्न : आम्ही विट्याचे. मुलगा तिसरीत आहे. तो ‘साताऱ्याला’ हा शब्द ‘सातार्-याला’ असा वाचतो. बोलताना मात्र बरोबर म्हणतो. त्याला समजावून कसे सांगावे?

उत्तर : आपण प्रश्नातच निम्मे उत्तर दिले आहे. बोलताना तो बरोबर म्हणतो, तेव्हा त्याच्या कानात दोष नाही. त्याला दोन प्रकारचे अर्धे ‘र’ एकच वाटत आहेत, एवढेच.

रफार हा मागच्या तुकड्याचा असतो : सूर्-या-ला, दर्-शन, आयर्-विन. डावीकडे आडवी रेघ घेऊन येणारा ‘ऱ्’ मात्र पुढच्या तुकड्याचा असतो : सा-ता-ऱ्या-ला, वा-ऱ्या-वर, बि-चा-ऱ्या-ला. मागच्या अक्षरावर जोर येतो की नाही, अशी याची ओळख व्याकरणात दिली जाते आणि ती बरोबर आहे, पण आठ वर्षांच्या मुलाला ‘जोर’ समजत नाही, टाळी समजते. त्याला ‘र’ कोणत्या टाळीत जातो ते विचारावे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी या कामी फार उपयोगी पडते. दर्-या म्हणजे समुद्र आणि द-ऱ्या म्हणजे ठोसेघरला कठड्यावरून खाली दिसतात त्या. आपल्या भागात दऱ्या भरपूर आणि दर्या एकही नाही, असे सांगितले की मुले विसरत नाहीत. मोठ्या मुलांसाठी ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडी आहे. पंगतीच्या निमंत्रणात तिचा घोटाळा झाला तर कोणाला बोलावले हाच प्रश्न पडेल.

आपण विट्याचे आहात म्हणून आणखी एक खेळ सुचवते. एस.टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलेले असताना गाड्यांवरील पाट्या मुलाला वाचायला लावाव्यात आणि प्रत्येक गावाला ‘ला’ जोडायला सांगावे. पाटीवर ‘विटा’ असते, तोंडात ‘विट्याला’ येते. ‘सातारा’चे ‘साताऱ्याला’ होते. ‘सांगली’ आणि ‘वाई’ जशाच्या तशा राहतात. ‘कराड’चे ‘कराडला’ होते, पण ‘झाड’चे ‘झाडाला’ होते. गावांची नावे व्यंजनात संपली की बहुधा मधला ‘आ’ घेत नाहीत, म्हणून जतला, फलटणला, पाटणला. ‘मिरज’ मात्र स्त्रीलिंगी असल्यामुळे जुनी माणसे ‘मिरजेला’ म्हणतात आणि नवी मुले ‘मिरजला’. मी ‘मिरजेला’ म्हणते, पण मुलाने ‘मिरजला’ म्हटले म्हणून त्याचा कान धरणार नाही.

आकाराने संपणाऱ्या पुल्लिंगी शब्दाचा ‘या’ होतो (घोडा, घोड्याला, पेढा, पेढ्याचा) आणि स्त्रीलिंगी शब्दाचा ‘ए’ होतो (शाळा, शाळेला), हे मुलाच्या लक्षात आणून देण्यासाठी घरात आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू फार चांगल्या. बोटभर रुंद पट्टी कापावी, तिच्यावर ‘पेढा’ लिहावे, आणि उजवीकडे उरलेला कागद मागून पुढे दुमडला की ‘ढा’ झाकून ‘ढ्याचा’ दिसेल असे त्यावर लिहून ठेवावे. दुमडले की पेढ्याचा, उघडले की पेढा. मुलाच्या हाताला हे उघडमीट करण्यात जी गंमत वाटते ती सामान्यरूपाच्या, म्हणजे प्रत्ययापूर्वी बदलणाऱ्या शब्दरूपाच्या, व्याख्येत वाटत नाही. काका, मामा, दादा आणि राजा हे शब्द मात्र या पट्टीत घालू नयेत. ते आपला ‘आ’ सोडत नाहीत. आपल्या कृष्णा नदीचे उदाहरण तर आवर्जून द्यावे, कारण मुलगा असेल तर ‘कृष्णाला’ आणि नदी असेल तर ‘कृष्णेला’. बासरी कृष्णाला आणि पूर कृष्णेला, इतका फरक शब्दाच्या एका शेवटाने होतो.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यात तिसरी-चौथीला शिकवतो. ‘ऊस’ दीर्घ आणि ‘उसाचा’ ऱ्हस्व, ‘फूल’ दीर्घ आणि ‘फुलाला’ ऱ्हस्व, हे मुलांना का, असे विचारले तर काय सांगावे? आणि लहान वयात हे शिकवावे तरी का?

उत्तर : वाळव्यात उसाने सुरुवात केलीत हे योग्यच झाले.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे १४ नियम केले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर घातली. आज आपण जे १८ नियम पाळतो त्यांत आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. मराठी शब्दाच्या शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ (ऊस, फूल, वीट, वकील) आणि शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर आधीचा इकार-उकार ऱ्हस्व (किडा, पिसू, गरिबी, पाहुणा). प्रत्यय लागून शब्द लांबला की तो दीर्घ उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराच्या आधीचा स्वर, ऱ्हस्व होतो. पण हा नियम मुलांनी घोकण्यापेक्षा त्यामागचे कारण कानाने घ्यावे. ‘ऊस’ हा एका टाळीचा शब्द आहे. सगळा भार त्या एका तुकड्यावर असतो, म्हणून तो लांबतो. ‘उसाचा’ म्हणताना उ-सा-चा असे तीन तुकडे होतात, भार पुढे सरकतो आणि पहिला तुकडा आखडतो. मुलांना दोन्ही शब्द डोळे मिटून तीन वेळा म्हणायला सांगितले तर बहुतेकांना तो फरक जाणवतो.

शब्द स्वयंपाकघरातून घ्यावेत. मीठ-मिठाचा, पीठ-पिठाची, दूध-दुधाची, तूप-तुपात, गूळ-गुळाची, मूग-मुगाचे, चूल-चुलीवर. मग अंगणात यावे : विहीर-विहिरीत, वीट-विटेचा. सांगलीच्या मुलांना मी एक वाक्य देत असे : ‘आयर्विन पुलावर पुराचे पाणी पाहायला गर्दी झाली.’ त्यात पूल आणि पूर दोन्ही आखडतात. २०१९ चा पूर पाहिलेल्या घरांत पाणी किती फुटांवर आले हे आजही बोलले जाते, त्यामुळे हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

काही शब्दांत मधला स्वर आखडून न थांबता नाहीसाच होतो. माणूस-माणसाला, कापूस-कापसाचा, लाकूड-लाकडाचे, पाऊस-पावसात, देऊळ-देवळात, पाटील-पाटलांचा. येथे मुले वाचताना खरोखर गोंधळतात, कारण ‘पावसात’ या शब्दात त्यांना ‘पाऊस’ दिसत नाही. या शब्दांसाठी तरी मूळ शब्द आणि रूप शेजारी शेजारी लिहून मधे बाण काढावा, आणि वाचताना मूल अडले तर ‘पावसात म्हणजे कशात?’ एवढेच विचारावे.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपला दीर्घपणा सोडत नाहीत (परीक्षा-परीक्षेला, शरीर-शरीरात) आणि ‘गुण’, ‘विष’ यांच्यासारखे शब्द मुळातच ऱ्हस्व असतात. हा सारा अपवाद चौथीपर्यंत काढूच नये, असे माझे मत आहे. मुलाने ‘शरिरात’ लिहिले तर वहीत शांतपणे दुरुस्त करून द्यावे आणि पुढे जावे.

लहान वयात का शिकवावे, याचे उत्तर लेखनापेक्षा वाचनात आहे. मराठीत शब्दाचा निम्मा अर्थ शेवटाशी असतो. ‘बैलाने’, ‘बैलाला’ आणि ‘बैलाचा’ यांत बैल तोच, पण मारले कोणी आणि मार कोणाला बसला हे शेवटच्या अक्षरावर ठरते. जी मुले शब्दाचा पहिला भाग पाहून उरलेला अंदाजाने म्हणतात, त्यांना गोष्ट उलटी कळते आणि आपल्याला वाटते की त्यांना गोष्टच कळली नाही.

प्रश्न : माण तालुक्यात माझी पहिलीच नेमणूक आहे. पुस्तकात ‘गेला होता’ असे असताना मुले ‘गेलता’ वाचतात, ‘नाही’चे ‘न्हाई’ करतात आणि ‘खात आहे’ या ठिकाणी ‘खायालागलाय’ म्हणतात. ही वाचनातील चूक धरावी का?

उत्तर : धरू नये. छापलेले ‘गेला होता’ पाहून ज्याच्या तोंडून ‘गेलता’ निघते, त्याने डोळ्यांनी वाचले, मनात समजून घेतले आणि घरच्या बोलीत सांगितले. न समजता ‘गे-ला-हो-ता’ म्हणणाऱ्या मुलापेक्षा तो वाचनात पुढे आहे. आणि ‘गेलता’ हे अशुद्ध किंवा आळशी रूपही नाही. ‘गेला’ आणि ‘होता’ या दोहोंचे ते जोडलेले रूप आहे, त्याची लिंगे-वचनेही (गेलती, गेलते) नीट चालतात.

हे मला नोकरीच्या सुरुवातीला कळले नव्हते. एका मुलाकडून मी ‘गेला होता’ हे शब्द भर वर्गात दहा वेळा म्हणवून घेतले होते. दहाव्या वेळी ते त्याने अगदी शुद्ध म्हटले आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत मोठ्याने वाचलेच नाही. वाचायची पाळी आली की तो पुस्तकाच्या पानावर बोट ठेवून उभा राही, बोट पुढे सरके आणि ओठ मिटलेले असत. त्याची आई एकदा शाळेत आली तेव्हा तो घरी धाकट्या भावाला तेच धडे आपल्या बोलीत वाचून दाखवतो, असे तिच्या बोलण्यातून समजले. चूक कोणाची होती हे मला तेव्हा उमगले. ती भरून काढायला मात्र सारे दुसरे सत्र लागले.

आपण फळ्याचे दोन भाग करावेत. एका बाजूला ‘घरी असे म्हणतो’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पुस्तकात असे असते’. गेलता आणि गेला होता, आल्ती आणि आली होती, खायालागलाय आणि खात आहे. मुलांकडूनच जोड्या जमवाव्यात. यात त्यांना क्रियापदाचे शेवट दिसू लागतात, आणि पुस्तकी रूपात ‘होता’ हा वेगळा शब्द आहे हेही दिसते. गोष्ट वाचून झाल्यावर ती सांगताना मुलाने हवी ती बोली वापरावी. पाठ मोठ्याने वाचताना मात्र छापलेले शब्द तसेच म्हणावेत, हे वर्षभरात सावकाश साधते. पुस्तकातही एखाद्या पात्राच्या तोंडी ‘असं झालं’ अशी बोलण्याची रूपे छापलेली असतात, ती त्यांना जरूर दाखवावीत.

प्रश्न : मी वाईत राहतो. नात पहिलीत आहे. आमच्या वेळी बाराखडी तोंडपाठ करून घेत. आता ती शाळेत कोणी म्हणून घेत नाही. मी घरी म्हणून घेऊ का?

उत्तर : अवश्य घ्यावी, आणि आजोबा-नातीने ती चालीवर म्हणावी. मात्र ती वाचनाची पहिली पायरी नव्हे, वाचू लागलेल्या मुलाची उजळणी आहे. ‘क का कि की’ धाडधाड म्हणणाऱ्या मुलीपुढे मधलाच ‘कू’ ठेवला तर ती बोटे मोजत पुन्हा ‘क’पासून येते, हे आपणही पाहिले असेल. म्हणून बाराखडी आडवी म्हणून झाली की उभीही म्हणावी : का, खा, गा, घा; की, खी, गी, घी. त्यामुळे स्वराच्या चिन्हाकडे लक्ष जाते. आता ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांच्यासाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वरही वर्णमालेत अधिकृतपणे घेतलेले असल्यामुळे तिच्या पुस्तकात आपल्याला चौदाखडी दिसेल. तिला हसू नये. शब्दांच्या भेंड्या याहूनही चांगल्या. आपण ‘विहीर’ म्हणावे, तिने ‘र’वरून ‘रताळे’, आपण ‘ळ’वर अडून पडावे आणि तिला जिंकू द्यावे.

प्रश्न : आम्ही मिरजेत राहतो. मुलगी सेमी-इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. इंग्रजीच्या तासाला शब्दांचे तुकडे आणि शेवटच्या अक्षरांचे गट शिकवतात. मराठीही तशाच पद्धतीने शिकवावी का? आणि इंग्रजीचे ते गट घरी कसे घ्यावेत?

उत्तर : टाळी दोन्ही भाषांत चालते, गट चालत नाहीत. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, म्हणून तिथे अक्षरांचे गट एकदम ओळखावे लागतात. ‘कॅप’ या शब्दाच्या शेवटी एक ‘ई’ लावली की तो ‘केप’ होतो आणि ती ‘ई’ स्वतः मुकी राहते. असे शब्द जोडीने पाहिल्याशिवाय मुलाला ते कळणार नाही. मराठीत ‘का’ कुठेही आला तरी ‘का’च असतो. आपली अडचण गिळलेल्या ‘अ’ची आणि बदलणाऱ्या शेवटाची आहे, ती वर सांगितली. इंग्रजीचा तक्ता मराठीवर घालून ‘कर, घर, सर, भर’ असे यमकाचे रकाने भरत बसणाऱ्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांत वाईट काही नाही, पण मुलगी अक्षरे वाचू लागली असेल तर त्यांतून तिला नवे काही मिळत नाही.

इंग्रजी शब्दांच्या शेवटांपैकी दुसरी-तिसरीत दोनच घ्यावेत. पहिला भूतकाळाचा ‘ई-डी’. आपली मुले तो नेहमी ‘एड’ असा वेगळा तुकडा करून वाचतात : ‘वॉक-एड’, ‘प्ले-एड’. प्रत्यक्षात ‘वॉक्ट’ या उच्चारात तो ‘ट’ होतो, ‘प्लेड’मध्ये ‘ड’ होतो, आणि मूळ शब्द ‘ट’ किंवा ‘ड’ने संपत असेल तरच, जसे ‘वॉन्टेड’, त्याचा वेगळा तुकडा होतो. म्हणजे ‘वॉक्ट’ला एक टाळी आणि ‘वॉन्टेड’ला दोन. एवढे मुलीच्या हाताला समजले की पुरे. कारणे पुढे केव्हातरी.

दुसरा शेवट ‘टी-आय-ओ-एन’ हा. मुली ही चार अक्षरे एकेक करून ‘टि-ओ-न’ अशी वाचतात. पण मिरजेच्या मुलीने ‘स्टेशन’ आणि ‘जंक्शन’ हे शब्द चालायला लागल्यापासून ऐकलेले आहेत. तेव्हा आधी तिला तोंडाने म्हणायला सांगावे, टाळ्या मोजाव्यात, मग हे दोन शब्द इंग्रजीत एकाखाली एक लिहून शेवटच्या चार अक्षरांखाली एकच कमान काढावी आणि तिलाच विचारावे की ही चार अक्षरे मिळून काय म्हणतात.